चार फेऱ्यांचा शनिवार

खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत, तळमजल्यावर, सुरक्षारक्षक एकेकाच्या लॅपटॉपचा सिरीयल नंबर वहीत उतरवून घेतोय. शनिवार असल्यामुळे एरवीची वर्दळ नाही. रांगेत आहेत ती फक्त मुलाखतीला आलेली माणसं, आणि ती पाहताक्षणी ओळखू येतात. कॅम्पसमधून पहिल्या नोकरीला निघालेल्या मुलांचा कडक इस्त्रीचा शर्ट इथे कुणाच्याच अंगावर नाही. कानशिलांवर पिकलेले केस आहेत, वाचायचे चष्मे आहेत, एकाच्या सॅकला मुलाच्या शाळेचा बिल्ला तसाच अडकलेला आहे. "कॅमेऱ्यावर स्टिकर लावून घ्या मॅडम," रक्षक म्हणतो आणि माझा फोन उलटा करून स्वतःच लावून देतो.

सिनिअर आणि स्टाफ इंजिनिअरच्या जागांसाठी आज 'ड्राइव्ह' आहे. चार फेऱ्या एकाच दिवसात, आणि संध्याकाळपर्यंत निकाल. दोन वर्षांपूर्वी हेच सगळं घरबसल्या, व्हिडिओवर झालं असतं. करोनापासून तीच रीत पडली होती. मग प्रश्न ऐकून पडद्याच्या कोपऱ्यात उत्तर लिहून देणारी एआयची साधनं आली. मीही माझ्या कंपनीत मुलाखती घेते. समोरच्याचे डोळे ओळीओळीने डावीकडून उजवीकडे सरकताना मी पाहिले आहेत, आणि मग त्याच माणसाला त्याच उत्तरातली एक ओळ बदलायला सांगितल्यावर पसरलेली शांतताही ऐकली आहे. गूगलनेसुद्धा 2025 मध्ये निदान एक फेरी पुन्हा समोरासमोर घेण्याची भूमिका घेतली. म्हणून आज नाशिकहून, कोल्हापूरहून माणसं पहाटे उठून खराडीत आली आहेत.

पाचव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये रिक्रूटर मुलगी हातात टॅब घेऊन फिरतेय. वय पंचविशीच्या आसपास, आवाज गोड, आणि प्रत्येकाला ती नावाने हाक मारते. मला हे आवडतं. माझी वेळ दहाची आहे, कोडिंगची.

माझ्या शेजारी कोल्हापूरचे एक गृहस्थ बसलेत. एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर त्यांची चौदा वर्षं गेली आहेत. करोनात घरी गेले ते तिथूनच काम करत राहिले, आता कंपनीने पुण्याला परत बोलावलंय आणि मधल्या काळात ते काम करणारी अर्धी टीमच उरली नाही. "31 मार्चची रात्र मी आजवर झोपून काढलेली नाही ताई," ते सांगतात. वर्षअखेरीचा हिशेब, व्याजाची आकारणी, सगळं त्या एका रात्रीत. एकदा मध्यरात्रीनंतर व्याज जमा करणारं काम अर्ध्यावर बंद पडलं. अर्ध्या खात्यांत पैसे गेलेले, अर्ध्यांत नाहीत, आणि वरून फोन, की पहिल्यापासून चालवा. "पहिल्यापासून चालवलं असतं तर अर्ध्या गिऱ्हाइकांना दुप्पट व्याज! पण मी आधीच प्रत्येक खात्यापुढे खूण ठेवायची सोय करून ठेवली होती. कुठवर आलं ते कळत होतं. थांबलं तिथून पुढं चालू केलं. सहाच्या आत बँक उघडायला तयार." ते हे सांगताना हातवारे करतात, खुर्चीत पुढे सरकतात. मी मनात म्हणते, हे आत कुणीतरी विचारायला हवं.

दहा वाजता आम्हाला शेजारशेजारच्या खोल्यांत नेतात. भिंती काचेच्या आहेत.

माझ्यासमोरचा मुलगा सहा-सात वर्षं अनुभवाचा असेल. तो प्रश्न वाचून दाखवतो: संख्या एकेक करून येत राहतात, कोणत्याही क्षणी विचारलं तर आतापर्यंतच्या संख्यांचा मध्यक सांगायचा. हा प्रश्न जुना आहे, तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत असतो. दोन हीप घ्यायचे, एकात लहान निम्म्या संख्या, दुसऱ्यात मोठ्या निम्म्या, आणि दोन्ही बाजू तोलत राहायच्या. मी बोर्डावर लिहिते, तो मान डोलावतो. मला हे येतं, कारण गेले काही आठवडे मुलं झोपल्यावर मी हेच करत बसले होते. एवढ्या वर्षांत ऑफिसच्या कामात मात्र मध्यक असा काढायची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही.

लिहिता लिहिता माझी नजर काचेपलीकडे जाते. कोल्हापूरचे गृहस्थ बोर्डाकडे तोंड करून उभे आहेत. बोर्डावर एकाखाली एक शब्द दिसतात: हिट, हॉट, डॉट, डॉग, कॉग. म्हणजे त्यांना शब्दांची शिडी आली आहे. एका शब्दावरून दुसऱ्यापर्यंत जायचं, दर पायरीला एकच अक्षर बदलायचं, मधला प्रत्येक शब्द यादीतला हवा, आणि पायऱ्या कमीत कमी. त्यांच्या हातातलं मार्कर बोर्डापासून इंचभर अंतरावर थांबलंय. मुलाखत घेणारा टेबलाशी बसून लॅपटॉपवर काहीतरी टाइप करतोय. त्या टाइपिंगचा आवाज खोलीत बसलेल्या माणसाला केवढा मोठा ऐकू येतो, ते मला माहीत आहे.

2020 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीने मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकाबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकशास्त्राचे 48 विद्यार्थी. निम्म्यांनी परीक्षकासमोर, बोर्डावर, मोठ्याने बोलत प्रश्न सोडवायचा; उरलेल्यांनी तसाच बोर्ड असलेल्या खोलीत एकट्याने. कुणीतरी पाहतंय एवढ्यानेच कामगिरी निम्म्याहून खाली आली. पाहिलं जात असलेल्या गटातली एकही मुलगी उत्तीर्ण झाली नाही, आणि एकटीने सोडवणाऱ्या सगळ्या मुली उत्तीर्ण झाल्या. नमुना लहान होता हे खरं. तरी तो निबंध वाचल्यापासून मुलाखत घेताना पहिली दहा मिनिटं मी उठून खोलीबाहेर जाते. "तुम्ही वाचा, विचार करा, मी पाणी घेऊन येते," असं सांगून.

इथे मात्र आज कुणी उठत नाही.

अकराच्या सुमारास आम्ही कॉफी मशीनपाशी जमतो. नाशिकहून आलेले एक जण आहेत, सतरा वर्षं अनुभव, बोलणं मोकळं. त्यांच्या पहिल्या मुलाखतीत कोडंच विचारलं होतं म्हणे: पंचवीस घोडे, एका वेळी पाचच धावणार, तर वेगवान तीन किती शर्यतींत सापडतील. कोड्यांचा तो काळ माझ्याही ओळखीचा आहे. 2013 मध्ये गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनीच जाहीर सांगितलं, की अशा कोड्यांवरून माणूस पुढे काम कसं करेल याचा काहीही अंदाज येत नाही. कोडी गेली, त्यांच्या जागी झाडं आणि आलेख यांवरचे कोडिंगचे प्रश्न आले. 2015 मध्ये मॅक्स हॉवेलची गोष्ट जगभर फिरली. मॅकवर काम करणारे असंख्य प्रोग्रामर रोज वापरतात ते 'होमब्रू' त्याने लिहिलेलं. त्याने स्वतःच जाहीर केलं, की गूगलने त्याला नाकारलं, कारण बोर्डावर बायनरी ट्री उलटवणं त्याला जमलं नाही.

"पण मॅडम, कोडिंग नको असंही म्हणता येत नाही," नाशिककर म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. रेझ्युमेवर बारा वर्षं आणि साधं लूप लिहिता येत नाही, अशी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. एवढ्या वर्षांत त्यांनी फक्त मीटिंगा केल्या, स्लाइड बनवल्या, दुसऱ्याच्या कामाचे ईमेल पुढे पाठवले. त्यांना चाळणी हवीच. माझा राग चाळणीवर नाही. चौदा वर्षांचा अनुभव आणि दोन महिन्यांचा सराव यांतलं काय अडवायचं आणि काय सोडायचं, ते चाळणी लावणाऱ्याने ठरवलेलं नसतं. राग त्याचा आहे.

रिक्रूटर मुलगी येते. ती थेट कोल्हापूरच्या गृहस्थांकडे जाते, त्यांना दोन पावलं बाजूला घेते, हसऱ्या चेहऱ्याने हळू आवाजात बोलते. ते ऐकून घेतात, मान हलवतात, गळ्यातला व्हिजिटरचा बिल्ला काढून तिच्या हातात देतात. "थँक यू मॅम," ते म्हणतात. तिला, जी त्यांच्या निम्म्या वयाची असेल. कॉफी मशीनपाशी आम्ही सगळे एकदम आपापल्या कपात पाहायला लागतो.

माझी पुढची फेरी सव्वाबाराला आहे. मी त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये शिरते. काय बोलावं कळत नाही, म्हणून विचारते, "चहा घेऊया?"

रस्त्यापलीकडच्या अमृततुल्यमध्ये शनिवारचीही बऱ्यापैकी गर्दी आहे. दोन चहा, एक क्रीमरोल. ते बराच वेळ गप्प आहेत. मग खिशातून पेन काढतात, रेझ्युमेची घडी केलेली प्रत उलटी करतात आणि कागद गुडघ्यावर ठेवून लिहायला लागतात. मी चहा घेत बघत राहते.

"हे बघा," ते म्हणतात. "शब्द म्हणजे स्टेशनं. एका अक्षराचा फरक असला की दोन स्टेशनांत रूळ." ते पाच गोल काढतात आणि रेघा जोडतात. सुरुवातीच्या शब्दापासून एका उडीत कुठे पोचतो ते सगळं आधी, मग दोन उड्यांत, मग तीन. जिथे जाऊन आलो तिथे खूण. प्रत्येक शब्दाची उरलेल्या प्रत्येकाशी तुलना करायला नको, एक अक्षर झाकून गट पाडले की शेजारी आपोआप सापडतात. तेही ते लिहितात. क्यू, भेट दिलेल्यांची यादी, थांबायची अट. सगळं बरोबर आहे. चहाचे ग्लास अजून कोमट आहेत.

"वर का नाही सुचलं हे?" ते कागदाकडे बघत विचारतात. "त्यानं एकदासुद्धा वर बघितलं नाही हो ताई. मला वाटलं, मी चुकतोय म्हणूनच टाइप करतोय."

मी त्यांना तो प्रयोग सांगते, 48 विद्यार्थ्यांचा. ते लक्ष देऊन ऐकतात. "म्हणजे हे फक्त माझ्यापुरतं नाही," एवढंच म्हणतात. त्यांच्या धाकट्या मुलीची दहावी आहे, घराचे हप्ते आहेत, आणि हातातली नोकरी गेल्याचं पत्र कधीही येईल. हे सगळं ते तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. कुणीतरी विचारलं म्हणून सांगतात. आम्ही नंबर घेतो. तो कागद मी मागून घेते आणि माझ्या पर्समध्ये ठेवते.

सव्वाबाराची फेरी सिस्टीम डिझाइनची. समोर चाळिशीचा आर्किटेक्ट, आणि तो खुर्ची ओढून टेबलाच्या माझ्याच बाजूला येऊन बसतो. या एका कृतीने माझा श्वास मोकळा होतो. प्रश्न: यूपीआयवरून येणारी दुकानदारांची पेमेंट सांभाळणारी व्यवस्था उभी करा. देशातल्या एकूण व्यवहारांपैकी पाच टक्के आपल्याकडे येतात असं धरा.

मी आधी आकडे मांडते. यूपीआय 2016 मध्ये सुरू झालं, ऑगस्ट 2023 मध्ये त्याने महिन्याला 1000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. तोच आकडा धरला तर दिवसाला 32 कोटी. दिवसाचे 86,400 सेकंद. म्हणजे देशभरात सेकंदाला सरासरी 3,700 व्यवहार, आणि आपल्या वाट्याला दोनशेच्या आत. संध्याकाळच्या गर्दीसाठी तिप्पट धरू, सहाशे.

"मग डेटाबेस किती भागांत तोडाल?" तो विचारतो.

"वेगासाठी एकाही नाही," मी म्हणते. सेकंदाला सहाशे व्यवहार एक चांगला पोस्टग्रेस आरामात पेलतो, सोबत एक जुळी प्रत ठेवली की झालं. तो भुवया उंचावतो. त्याला वीस सर्व्हिसेसचं चित्र अपेक्षित असावं. बहुतेक उमेदवार तेच काढतात, कारण पुस्तकांत तेच असतं. मी पुढची ओळ लिहिते: महिन्याला 50 कोटी नोंदी, एकेक नोंद एक किलोबाइट धरली तर 500 गिगाबाइट. आपली अडचण वेगाची नाहीच, साठ्याची आहे. म्हणून तक्ते महिन्यानुसार विभागायचे, जुने महिने स्वस्त साठवणीत हलवायचे. बोर्डावर माझ्या तीनच चौकटी आहेत. तो त्या चौकटींकडे पाहत राहतो आणि हळूच हसतो. "पुढे बोला."

पुढचं बोलायलाच मी आले आहे. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कापले गेले, पण दुकानदाराच्या फोनवर होकार आलाच नाही. नेटवर्क तुटलं, बँकेने उत्तर द्यायला वेळ लावला, काहीही. आता? दुकानदार म्हणतो पुन्हा पाठवा, गिऱ्हाईक म्हणतं माझे गेले. काउंटरवर गिऱ्हाईक दुधाची पिशवी हातात धरून उभं आहे आणि मागे रांग वाढतेय. या एका क्षणासाठी आपली सगळी व्यवस्था असते. प्रत्येक विनंतीला तिची स्वतःची कायमची ओळख हवी, म्हणजे तीच विनंती दहा वेळा आली तरी पैसे एकदाच हलतील. 'माहीत नाही' ही अवस्था यशस्वी आणि अयशस्वी यांच्याइतकीच खरी मानून साठवायला हवी. आणि रोजच्या रोज बँकेच्या नोंदींशी आपल्या नोंदी जुळवणारं काम हवंच हवं. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे: दुकानदाराला होकार पोचला नाही आणि पैसे कापले गेले, तर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत गेले पाहिजेत, त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणजे हिशेब जुळवणं ही नंतर सवडीने जोडायची गोष्ट नाही. मी तर ती सगळ्यात आधी बांधेन.

हे बोलताना मला सतत 31 मार्चची ती रात्र दिसतेय. प्रत्येक खात्यापुढे खूण. थांबलं तिथून पुढे. मी आत्ता ज्याबद्दल शाबासकी मिळवतेय ते या इमारतीत आज सगळ्यात खोलवर ज्यांना माहीत होतं, त्यांनी ही खोली पाहिलीच नाही. त्यांना हा प्रश्न दुसऱ्या फेरीत आला असता. पहिल्या फेरीत शब्दांची शिडी आली.

आर्किटेक्ट वेळ संपल्यावरही दहा मिनिटं बसतो. तो विचारतो, "एखादी गोष्ट बांधायची नाही असं ठरवून ती अडवलीत, असं कधी झालंय?" मुलाखतीत इतका चांगला प्रश्न मला क्वचित कुणी विचारलाय. मी सांगते, दिवाळीच्या तोंडावर सगळं नव्या मेसेज क्यूवर हलवायचा आग्रह होता. मी लिहून दिलं की तीन आठवड्यांत हे सुरक्षित होणार नाही, आणि जुन्याच व्यवस्थेवर आम्ही ती दिवाळी शांतपणे काढली. काही घडलं नाही, म्हणून रेझ्युमेवर त्याची ओळ नाही. तो ते लिहून घेतो.

जेवणाचे खोके आलेत. माझ्याबरोबर टेबलावर एक चष्मेवाली आहे, माझ्याच वयाची. सासूबाईंच्या आजारपणात तिने तीन वर्षं नोकरी सोडली होती. मधल्या काळात एका ओपन सोर्स प्रकल्पात ती सुधारणा पाठवत राहिली, त्या स्वीकारल्याही गेल्या आहेत. तरी मॅनेजरच्या फेरीतला निम्मा वेळ त्या तीन वर्षांवर गेला. "त्यांना वाटतं मी विसरले असेन," ती पोळीचा तुकडा मोडत म्हणते. "अगं, मी तर या तीन वर्षांत आधीपेक्षा जास्त वाचलंय. दुपारी घर शांत असायचं."

नाशिककरांकडे वेगळीच गोष्ट आहे. मागच्या महिन्यात एका ठिकाणी त्यांच्या पाच फेऱ्या झाल्या, शनिवार-रविवार घालवून घरचा प्रकल्पही करून दिला, सगळे खूश. मग फोन बंद. बऱ्याच दिवसांनी एका ओळीचं ईमेल: पोझिशन होल्डवर आहे. त्यांना दुसऱ्या एका ठिकाणची फेरी मात्र फार आवडली होती. लॅपटॉप दिला, त्यात बिघडलेला कोड, चाचण्या लाल दिसतायत. एक तास. एआय वापरा, काहीही वापरा, पण शेवटी आम्हाला समजावून सांगा की काय बिघडलं होतं आणि तुम्ही हेच का केलंत. कॅनव्हासारख्या कंपनीने 2025 मध्ये जाहीरच केलं, की मुलाखतीत उमेदवारांनी एआय वापरावं हीच तिची अपेक्षा आहे. माझ्या कंपनीतही आम्ही काही जणांनी भांडून बिघडलेल्या कोडची फेरी आणली. वर्षानुवर्षं काम केलेला माणूस त्या फेरीत पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो: तो आधी लॉग उघडतो.

दुपारची माझी मॅनेजरची फेरी नेहमीच्या वाटेने जाते. सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलं, ज्युनिअर मुलाला कसं वाढवलं. उत्तरं साच्यात द्यायची असतात: प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम. मी देते.

साडेचारला एचआर. रिक्रूटर मुलगीच आहे, आता तिच्यासमोर तक्ता उघडा आहे. सध्याचा पगार, त्यात पक्का किती आणि कामगिरीवरचा किती, अपेक्षा काय, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या. आणि नोटीस पिरियड? "नव्वद दिवस," मी म्हणते. तिच्या चेहऱ्यावर तीच परिचित छाया येते. अमेरिकेत दोन आठवड्यांची रीत आहे. आपल्याकडे तीन महिने, आणि माणूस मात्र सगळ्यांना तीस दिवसांत हवा असतो. त्यापायी कितीतरी जण हातात काही नसताना राजीनामा देतात आणि मग शोधायला लागतात. माझ्या बाबतीत वाट सोपी आहे, माझी टीम डिसेंबरात बंदच होतेय, लवकर सोडतील. ती सुटकेचा श्वास टाकते. दोन दिवसांत पत्र येईल म्हणते.

"एक विचारू?" मी म्हणते. "सकाळी पहिल्या फेरीनंतर जे गेले, त्यांना कारण कळवणार का?"

ती थोडी गोंधळते. "मॅम, पॉलिसीत तसं नाहीये... फीडबॅक आत राहतो."

हॉलमध्ये चष्मेवाली सॅक भरतेय. तिला होकार आलाय, पण एक पायरी खालच्या जागेसाठी. सिनिअर नाही, त्याच्या खालची. ती रिक्रूटरसमोर उभी राहून शांतपणे विचारते, "कोणत्या फेरीत काय कमी पडलं, ते लिहून मिळेल का? मग मी सोमवारी उत्तर देते." आवाज चढलेला नाही, पण ती जागची हलतही नाही. मुलगी टॅबवर काहीतरी नोंदवते आणि आत जाते. कुणाला तरी विचारायला गेली असावी. चष्मेवाली खुर्ची ओढून बसते. "लिहून दिल्याशिवाय मी काही जात नाही आज," ती मला म्हणते. मी तिच्याशेजारी बसते.

बसल्या बसल्या फोन उघडते. माझ्या कंपनीत आमची टीम बंद होत असली तरी शेजारची, बँकांचे हिशेब जुळवणारी टीम वाढतेय, आणि तिचा मॅनेजर दोन महिने माणूस शोधतोय. मी पर्समधून तो घडी घातलेला कागद काढते, त्याच्या पाठीपोटी दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायला जाते, मग कॅमेऱ्यावरचं स्टिकर दिसतं. ते नंतर. आधी कोल्हापूरच्या गृहस्थांना लिहिते: आमच्याकडे बँकेच्या कामासाठी जागा आहे, तुमचा रेझ्युमे पुढे पाठवला तर चालेल का?

उत्तर लगेच येतं. ते स्वारगेटला बसची वाट बघतायत. "चालेल की ताई. कोडिंग असंल ना?"

"असेल. बिघडलेला कोड दुरुस्त करायचा, लॅपटॉपवर. पहिली दहा मिनिटं खोलीत कुणी नसेल."

मग मॅनेजरला लिहिते. रेझ्युमे थोड्या वेळात पाठवते, त्याची मागची बाजूही बघ. बोलावलंस तर त्यांना 31 मार्चच्या रात्रीबद्दल विचार, आणि हातात वेळ ठेवून विचार.

कोल्हापूरच्या गृहस्थांकडून अजून एक ओळ येते: "सोमवारी येऊ का? सुट्टी टाकतो."

"मंगळवारी या," मी लिहिते. "सोमवारी त्याला मीटिंगा असतात."